डोंबिवलीकरांच्या वतीने

आमच्या वऱ्हाडातून मुंबईला जाणारा माणूस कल्याण आणि ठाणे ही दोन्ही गावं पेंगत मागे टाकतो. बोरीबंदर आलं की जागा होतो, आणि परत आल्यावर मुंबईच्या गप्पा मारतो. मी मात्र मुद्दाम ठाण्याला उतरलो, तिथून उलटा कल्याणला आणि मग डोंबिवलीला गेलो, महिनाभर त्या मुलखात राहिलो आणि मुंबई न बघताच घरी आलो. त्यामुळे गावात मला वेडा समजतात. निदान वेड कसलं ते तरी कळावं, म्हणून हे लिहून काढतो आहे.

जाण्याचं कारण कमल. तिचे वडील नानासाहेब तहसील कचेरीत कारकून आहेत. आमच्या घरून कमलला मागणी गेली, तेव्हा त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं, "मुलगा काय शिकला?"

"शारीरिक शिक्षण. व्यायामाचं शास्त्र. युनिव्हर्सिटीची पदविका आहे."

नाना पान चघळत माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उड्या माराले युनिव्हर्सिटी कायले लागते?"

शेवटी त्यांनी अट घातली. याच विद्येवर पगाराची नोकरी मिळवायची, दिवाळीच्या आत. नाहीतर दुसरं स्थळ सांगून आलेलंच होतं, मुलगा पोस्टात होता. निघायच्या आदल्या दिवशी कमल मला देवळाच्या पायऱ्यांवर भेटली आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, "पोस्टातल्याचे दात पुढे आहेत. लवकर या." हे वाक्य मी पुढे महिनाभर ताईतासारखं जपलं.

आता ही विद्या म्हणजे काय, तेही सांगायला हवं, कारण नानांसारखी शंका पुष्कळांना येते. आमच्या कॉलेजात वर्गाच्या कोपऱ्यात एक हाडांचा सापळा टांगलेला असे. त्याच्याकडे बघून आम्ही दोनशेवर हाडांची नावं इंग्रजीत पाठ केली. कोणता स्नायू कुठून निघतो आणि कुठे चिकटतो, दम का लागतो, धावल्यावर काळीज किती उड्या मारतं, हे सगळं शिकलो, आणि सकाळ-संध्याकाळ लेझीम, मल्लखांब, लाठी. प्राचार्य म्हणत, "मुलांनो, स्वतंत्र देशाला आता छाती लागणार! शाळा आहेत, तालमी आहेत, गिरण्या-कारखाने आहेत, सगळीकडे तुम्हाला बोलावणी येतील." निरोपाच्या दिवशी हे ऐकून मला रडू आलं होतं. पुढे वर्ष गेलं, आणि एकही बोलावणं आलं नाही.

ठाणे

ठाण्याला माझा आतेभाऊ तळ्याजवळच्या एका चाळीत राहतो. गाव निवांत आहे. तळी इतकी की दुसऱ्याला पत्ता सांगताना 'तळ्याजवळ' म्हणून काही उपयोग होत नाही. हवा दमट, घाम येतो आणि वाळायचं नावच घेत नाही. जेवायला दोन्ही वेळा भात. आमच्याकडे भात शेवटी येतो, तोही पाहुणा असला तर. इथे आधी भात, मध्ये भात आणि शेवटी ताकाला भात. पहिल्या दिवशी मी सवयीने भाकरीची वाट बघत थांबलो, तेव्हा वहिनी आतून म्हणाली, "भावजी, जेवण संपलं बरं का."

संध्याकाळी भावाने खाडीकडे नेलं. तिथे मिठागरांच्या काठाने गवताने शाकारलेल्या बुटक्या झोपड्यांची रांग दिसली. मला वाईट वाटलं. एवढ्या ठेंगण्या घरांत माणसं उभी तरी कशी राहत असतील, त्यांच्या पाठीच्या कण्याचं काय होत असेल, असं मी शास्त्राला धरून बोलत सुटलो. त्या मिठाच्या राशी होत्या. पावसात विरघळू नयेत म्हणून त्यांना असं शाकारून ठेवतात. भाऊ दोन दिवस हसत होता.

एका शाळेत ड्रिलमास्तर हवा होता, म्हणून मी गेलो. हेडमास्तर सज्जन होते. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, "आमच्या शाळेचा ड्रिलचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागतो." मी मैदान दाखवा म्हटलं. ते म्हणाले, मैदान नाही, ड्रिल वरच्या मजल्यावर चालतं. तिथे मुलं बाकांवर हाताची घडी घालून बसली होती. हेडमास्तरांनी "लांब उडी!" म्हणताच सगळा वर्ग एका सुरात म्हणू लागला, "प्रथम वीस पावलं धावावे. नंतर डाव्या पायावर भार देऊन उसळी घ्यावी. हवेत असताना गुडघे पोटाशी घ्यावेत." शेवटच्या 'घ्यावेत'ला कुणीही चुकलं नाही.

"कुणी मारली आहे का पण?" मी विचारलं.

"काय?"

"उडी."

"परीक्षा लेखी असते," ते समजुतीने म्हणाले.

मला नमुन्याचा पाठ घ्यायला सांगितला. माझ्यातला शास्त्रज्ञ उसळून आला. मी बाकं भिंतीला लावली आणि सगळ्या वर्गाला एकदम उडी मारायला लावली. जन्मात पहिल्यांदा उडी मारायला मिळालेली पोरं थांबतात होय? लाकडी तक्तपोशीवर जो काही दणदणाट झाला, त्याने खालच्या वर्गाच्या छताचा गिलावा संस्कृतच्या शास्त्रीबोवांच्या पगडीवर पडला. त्यांना लागलं नाही, पण ते जिना चढून आले ते पांढरे होऊनच. हेडमास्तरांनी माझ्या ज्ञानाची तारीफ केली आणि दारापर्यंत सोडायला आले.

कल्याण

कल्याणला खाडीच्या अंगाला एक जुनी तालीम आहे. तांबडी माती, तेलाचा वास, कोनाड्यात शेंदूर फासलेला मारुती. वस्ताद साठीचे, कान चुरगळलेले. मी पदविका शिकलोय म्हटल्यावर त्यांनी मला मांडी घालून बसवलं, बदामाची थंडाई दिली आणि म्हणाले, "बोला मास्तर. काय शिकवतात तुमच्या कॉलेजात?"

कुणीतरी विचारलं, याचाच मला केवढा आनंद झाला! मी सांगत सुटलो. दमल्यावर स्नायूत काय साठतं, तो आखडतो कसा, विश्रांतीने सैल कसा होतो. वस्ताद मान डोलवत ऐकत होते. पलीकडे त्यांचे पठ्ठे जोर काढत होते, थांबायचं नाव नाही. माझं संपल्यावर वस्तादांनी आवाज खाली आणला.

"हे सगळं खरं असेल. पण मास्तर, हात जोडतो, माझ्या पोरांना सांगू नका. माणूस थकतो, हे त्यांना अजून माहीत नाही."

मी शब्द दिला. वस्तादांनी पाठीवर थाप मारली, तिने माझा एक खांदा संध्याकाळपर्यंत उचलला जात नव्हता. वर त्यांनी आपणहून सल्ला दिला. "तुम्ही डोंबिवलीला जा. तिथली मंडळी कचेरीतली, शिकलेली. त्यांनी नवीन व्यायाम मंडळ काढलंय. त्यांना शास्त्र आवडतं."

डोंबिवली

डोंबिवली म्हणजे भाताच्या खाचरांमध्ये मध्येच उगवलेली कारकुनांची वस्ती. स्टेशनाजवळ थोडी घरं, अंगणात विहीर, तुळस, सोनटक्का, आणि कुंपणापलीकडे लगेच शेत. भात निसवून लोंब्या आल्या होत्या. घरोघर कंदील. संध्याकाळी माणसं ओट्यावर बसून कोणत्या ना कोणत्या मंडळाची सभा भरवतात. पुण्याचे चार, रत्नागिरीचे चार, असे एकत्र आले की दुसरं काय करणार?

व्यायाम मंडळाचे चिटणीस नेने म्हणून होते. अंगाने सडपातळ, पोट मात्र वेगळ्या माणसाचं वाटावं असं. मंडळाकडे मैदान होतं, हे पाहून मला आधी विश्वासच बसेना. कडेला बाकंही होती. मी म्हटलं, "बाकं कशाला?"

"सभासदांना बसायला."

"आणि व्यायाम?"

"तो तुम्ही करायचा," नेने म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांनी नीट उलगडून सांगितलं. "हे पाहा मास्तर, आम्ही सकाळी कचेरीला जाणार, अंधार पडता परत येणार. व्यायामाला सवड कुणाला आहे? पण व्यायाम तर झालाच पाहिजे. आता घरात रुद्र असतो, अभिषेक असतो, तो आपण स्वतः करतो का? गुरुजींना सांगतो. आपण संकल्प सोडायचा, ते करतात, फळ आपल्याला. माझी आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तिच्या नावाने ब्राह्मणाने सूर्याला नमस्कार घातले. उठून बसली की नाही? आणि ते भटजी तर साधे भिक्षुक. तुम्ही युनिव्हर्सिटीत शिकलेले."

मी कळवळून म्हटलं, "अहो, स्नायू ज्याचा हलतो त्याचाच वाढतो! हे तर पहिल्या वर्षाला शिकवतात."

"ते पुस्तक कुणी लिहिलं? साहेबाने ना? मग त्याला संकल्प कुठून माहीत असणार?"

एका सभासदाने शंका काढली की मास्तरांना दुसऱ्याच्या वतीने नमस्कार घालायचा अधिकार आहे का. त्यावर बरीच चर्चा झाली आणि पदविका आहे म्हणजे अधिकार आला, असं बहुमताने ठरलं. पगाराची नोकरी, तीही माझ्याच विद्येवर! शास्त्र म्हणत होतं, नाही म्हण. पण मला पोस्टातले दात दिसले, आणि मी हो म्हटलं. थोडे दिवस बघू, मग कायम करू, असं नेने म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. सकाळी मंडळी धोतरं सावरत येऊन बाकांवर बसत. एकेक जण पळीभर पाणी हातावर घेऊन ताम्हनात सोडी आणि आपल्याला काय हवं ते सांगे. कुणाला पोट कमी करून हवं, कुणाला छाती वाढवून, एकाला नुसतीच भूक. मग मी त्याच्या नावाने बारा नमस्कार घाली. तो संपला की दुसरा. ऊन चढे. मंडळी सुपारी कातरत माझ्याकडे बघत, आणि वेळ झाली की ताजीतवानी होऊन गाडीला जात.

आणि तक्रारी! "मास्तर, काल माझे नमस्कार तुम्ही घाईत उरकलेत. दिवसभर माझी पाठ धरली." एकाला सर्दीचा त्रास, त्यामुळे त्याच्या नमस्कारांना मला घाम येता कामा नये. एकाची चतुर्थी, म्हणून त्याचे होईपर्यंत मी पाणीही प्यायचं नाही. अध्यक्षांचं काळीज नाजूक, तेव्हा त्यांचे बारा इतके सावकाश की मध्येच कावळा येऊन माझ्या पाठीवर बसला.

सगळ्यात मोठी आफत ही की त्यांना गुण येऊ लागला. नेनेंना झोप लागू लागली. भुकेवाला दोन वाट्या वालाचं बिरडं जास्त खाऊ लागला. अध्यक्ष जिना एका दमात चढले, असं त्यांच्या घरातूनच सांगत आले. मी मात्र वाळत चाललो होतो. दोन वर्षं ज्या सापळ्याकडे बघून अभ्यास केला, तो आता आंघोळीच्या वेळी मला घरच्या घरी दिसू लागला.

मैदानाच्या कडेने मानपाड्याकडची बायजा नावाची आगरीण भाजीची पाटी घेऊन रोज जायची. ती पाटी उतरवून हा सोहळा बघायची. एक दिवस तिला राहवलं नाही. "मना सांग मास्तर, त्यांच्या वाटचा घाम तू गालतंस, मंग त्यांच्या वाटचा जेवतंस का नाय?"

मी म्हटलं, जेवण ज्याचं त्यानेच जेवायचं असं ठरलंय.

"यो बरा हाय!" ती म्हणाली आणि मला आपल्या घरी घेऊन गेली. बांधाबांधाने बरंच चालल्यावर तिचं घर आलं. तिने चुलीवरून काढलेली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे ठेवली. आमच्या ठेच्याची थोरली बहीण म्हणावी अशी ती चटणी. नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि मला आईची आठवण आली. खूप दिवसांनी मी स्वतःच्या वतीने काहीतरी करत होतो. चार भाकऱ्या खाल्ल्या.

पण तोवर उशीर झाला होता. दोनच दिवसांनी मला थंडी वाजून ताप भरला. हिवताप. नेनेंच्या घरामागच्या खोलीत मी दोन गोधड्या घेऊन कुडकुडत पडलो. मंडळी समाचाराला आली, पण आपापली दुखणी घेऊन. एकाचा खांदा धरला होता, एकाला करपट ढेकर येत होते. भुकेवाला म्हणाला, "मास्तर, तुम्ही पडलात आणि माझं अन्नावरचं मन उडालं हो." डॉक्टरांनी क्विनाइन दिलं. त्यावर कुणाचा फारसा भरवसा दिसला नाही.

मग माझ्याच खाटेभोवती तातडीची सभा भरली. अध्यक्ष म्हणाले, "उपाय उघड आहे. मास्तरांच्या वतीने कुणीतरी नमस्कार घातले पाहिजेत."

"घालणार कोण? मास्तर तर इथे पडलेत."

इतकी शांत सभा डोंबिवलीत झाली नसेल. मग नेने उठले आणि त्यांनी कोट काढून खुंटीला अडकवला. "आपला माणूस आहे. परमुलखात एकटा पडलाय. मी घालतो," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. लगेच दुसरा उठला, नेनेंनीच का म्हणून? तिसऱ्याने सांगितलं की त्याचं पोट मास्तरांनी कमी केलं, तेव्हा पहिला मान त्याचा. शेवटी सगळ्यांनीच अंगरखे उतरवले आणि माझ्या दारासमोरच्या अंगणात रांगेने उभे राहिले. मी खाटेवरून पाणी सोडलं.

काय ते नमस्कार! कुणी गुडघ्यावर आदळतोय, कुणाचं पोट कपाळाच्या आधी जमिनीला लागतंय. तापातही मला बघवेना. मी ओरडलो, "गुडघे टेकू नका! श्वास सोडा खाली जाताना! माझे नमस्कार आहेत, नीट घाला!" आणि नवल म्हणजे त्यांनी ऐकलं. स्वतःसाठी ज्यांनी करंगळी हलवली नसती, ते दुसऱ्याच्या कामात कसूर नको म्हणून घामाघूम होईपर्यंत वाकत होते. दुसऱ्या दिवशी अंग आंबलं होतं, तरी आले. आठवड्याभरात त्यांचे गुडघे सुटले. नेनेंचं पोट नेनेंचंच वाटू लागलं.

क्विनाइनने माझा ताप गेला. मी उत्साहाने मैदानावर गेलो, तर मंडळींनी "वा, मास्तर!" म्हणून मला मिठ्या मारल्या आणि सगळी जाऊन बाकांवर बसली. मी विनवलं, रागावलो, हाडांची नावं सांगितली. कुणी हलेना. दुसऱ्या दिवशी मी खाटेवर गोधडी घेऊन पडलो. सगळे धावत येऊन अंगणात उभे राहिले.

तेव्हा नेनेंच्याही ध्यानात आलं. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, मंडळाचं हित तुमच्या दुखण्यात आहे." ठराव झाला: मास्तरांना कायम नेमावे, त्यांनी प्रकृतीची योग्य काळजी घेऊन आजारी राहावे, आणि पडल्या जागेवरून शिकवावे. राहायला खोली, सणाला सुटी. प्राचार्यांनी सांगितलेल्या नोकऱ्यांत ही नव्हती.

परत

घरी आलो तो दिवाळी तोंडावर आली होती. वडील आणि मी नानांकडे गेलो. बैठकीत नाना, आणि आतल्या दाराशी, पडद्याखाली, कमलची पावलं दिसत होती.

"लागली नोकरी?"

"लागली. कायम."

"याच विद्येवर?"

"याच."

नानांचा चेहरा पडला. त्यांना ही अपेक्षा नव्हती. "काय काम असते?"

मला खोटं बोलवेना. "आजारी पडून राहायचं," मी म्हटलं, आणि मग आत्ता तुम्हाला सांगितलं ते सगळं सांगितलं. पडद्याआड दोनदा हसू दाबल्याचा आवाज आला. नाना हसले नाहीत. ते कचेरीतला माणूस, मुद्द्यावर आले.

"म्हणजे आजारी माणसाले पोरगी देऊ?"

"मी आजारी नाही, नाना. ठणठणीत आहे."

"मग नोकरी टिकणार नाही."

"नाही."

"अन् नोकरी टिकली, तर तू आजारी."

"हो."

नानांनी पानदान उघडलं आणि मिटलं. त्यांची अट होती, आणि ती अक्षरशः पुरी झाली होती. दिलेला शब्द मोडणं त्यांच्या स्वभावात नाही, आणि असल्या जावयाला होकार देणंही त्यांना जमेना. त्यांनी तोंड उघडलं, शब्द येईना. पुन्हा उघडलं. कपाळावर घाम आला. माझे वडील खाली बघत होते. वाटलं, आता पोस्ट जिंकतंय.

पडदा हलला. कमल बाहेर आली, वडिलांसमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "नाना, तुम्हाला फार जड जातंय. नका त्रास करून घेऊ. तुमच्या वतीने मी म्हणते. हो."

मी नानांकडे बघितलं. त्यांनी एक लांब श्वास सोडला, घाम पुसला आणि भिंतीला टेकून पाय सैल सोडले. माझं दोन वर्षांचं शास्त्र काहीही म्हणो, पण नानांना खरोखरच आराम पडला होता.